रायफलीची बैठक

१२ सप्टेंबर, शुक्रवार

यादी लागली. सपना नाही.

राज्याच्या संघात चौघी घेतल्या, ही सहावी आली. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी पालथं झोपून साठ गोळ्यांत सहाशे अठरा मारायची. परवाच्या निवडीला पाचशे सत्त्याण्णव. चेंबूरच्या लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी, तिथून सुटली की मुलुंडला क्लबवर येते. आज आली, बाकावर बसली, यादी बघायलासुद्धा उठली नाही. माधुरी मॅडम — आमच्या कोच — म्हणाल्या, "सपना, टेक्निक पहिल्यापासून घेऊ." कितव्यांदा?

मी तिथेच होतो. रायफलींची देखभाल माझ्याकडे, शिकवणं माझं काम नाही. तरी वर्षभर मीही तेच सांगत आलो. श्वास सोडायला उशीर करतेस. बोट ओढतेस. मार्चमध्ये तर म्हणालो होतो, "तुझं मन थाऱ्यावर नाही." तिने चहा सोडला, चष्मा बदलला, गाल टेकवायची जागा बदलली. काही उपयोग नाही.

घाटकोपरला उतरून घरी आलो तर लिफ्ट बंद. चौथा मजला. गुडघे संपले माझे.

१४ सप्टेंबर, रविवार

सपनाने रायफल माझ्या टेबलावर ठेवली. "काका, एकदा शेवटचं बघता का? नाहीतर लायसन्स परत करते मी."

"रायफलीत काही नाही गं," म्हणालो. बघायच्या आधीच!

ती गेल्यावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून स्वतः मारली. पहिल्या पाच गोळ्या एका नखाएवढ्या जागेत. पुढच्या पाच वर सरकल्या. त्यापुढच्या आणखी वर. श्वास माझा, बोट माझं, मन — ते तर कधीचं थकलेलं. तरी तिचाच नकाशा उमटला. नळी तापली की गोळी वर चढते.

टार्गेटचा कागद घडी करून खिशात घातला. कुणाला दाखवला नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

रायफलीचं लोखंड लाकडी दस्त्यात जिथं बसतं ती बैठक. तिथं ते हललं की सगळं गेलं, मग वर कितीही चांगला नेमबाज झोपवा. तपासायची पद्धत साधी आहे. नळी आणि लाकूड जिथं भेटतात तिथं बोट ठेवायचं आणि पुढचा स्क्रू सैल करायचा. बोटाला काही कळता कामा नये.

मला कळलं. नळी सरळ वर उचलली गेली. हालचाल मोजायचा डायल लावला तर काटा वीस रेघा सरकला. पाचच्या वर जाऊ नये.

ही तपासणी दहा मिनिटांची आहे. वर्षभरात एकदाही केली नाही मी.

१७ सप्टेंबर, बुधवार

रायफल उघडली. बैठकीत भरलेल्या लांबीवर, म्हणजे पुट्टीवर, नखाने दाबलं. नख रुतलं.

ही लांबी दगडासारखी व्हायला हवी. दोन भाग वजन करून मिसळायचे, नीट घोटायचे, दिवसभर हलवायचं नाही. ही बैठक कुणी केली ते आत लिहिलेलंच आहे. माझी सही, आणि दोन वर्षांपूर्वीचा जुलै. आठवलं. वजनकाटा बिघडला होता, मी अंदाजाने मिसळलं. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होतो, माझा हात म्हणजेच काटा असं वाटायचं. वरून कडक झाली, आत कच्ची राहिली. सुरुवातीला चालली. मग स्क्रू घट्ट केला की लोखंड हळूहळू आत रुतत गेलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

गेलो नाही. बायकोला, शकुला, सांगितलं पाठ दुखते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शकुने ओळखलंच. जेवताना विचारलं, "पाठ नाय ती. काय झाला?" सगळं सांगितलं. ती ताटातला भात कालवत राहिली. मग म्हणाली, "माका कित्याक सांगतास? तिका सांगा."

२० सप्टेंबर, शनिवार

सांगितलं. माधुरी मॅडमसमोर. दस्ता टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "सपना, इथं नख लाव."

तिने लावलं. मॅडमनीही लावलं.

"हे मी केलंय, दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत. दोष रायफलीत होता. तुझ्यात नव्हता."

मॅडम खुर्चीत बसल्या. सपना नखाकडे बघत होती. मला वाटलं रडेल, ओरडेल. ती म्हणाली, "काका, मी मानसोपचारवाल्याकडे जात होते. सहा महिने. माझे बाबा मला विचारायचे, तुला कसलं टेन्शन आहे? मी सांगायचे, काहीच नाही. तरी कुणी विश्वास ठेवेना. मग मीच माझ्यावर ठेवेना."

माफ कर म्हणालो. किती लहान शब्द आहे तो.

"दुरुस्त होईल?" तिने विचारलं.

"होईल."

"मग करा," म्हणाली आणि पर्स उचलून गेली. यंदाचा संघ तर गेलाच. पुढच्या वर्षी ती तिशी पार करेल.

२२ सप्टेंबर, सोमवार

जुनी लांबी छिन्नीने कोरून काढली, लाकूड खरखरीत केलं. लोखंडाला मेणाचा हात दिला. मेण कुठे लागायचं राहिलं तर लोखंड लाकडाला कायमचं चिकटतं. तीनदा तपासलं. नवीन मिश्रण वजन करून घेतलं, माधुरी मॅडमना काटा वाचायला लावला. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला.

लोखंड बसवलं. आता हात लावायचा नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

लोखंड लाकडातून सुटलं. बैठक आरशासारखी गुळगुळीत. नख रुतत नाही. काटा दोन रेघांपलीकडे जात नाही.

आनंद झाला नाही. नुसता बसून राहिलो.

२७ सप्टेंबर, शनिवार

सपना येईल असं वाटलं नव्हतं. आली. माझ्याशी न बोलता कोट चढवला, पट्टा बांधला, झोपली. वीस गोळ्या. मग नळी तापल्यावर आणखी वीस. मी दुर्बिणीतून बघत होतो. वर काही चढलं नाही. सगळं एका जागी, मधोमध.

ती उठली तेव्हा डोळे पुसत होती. मॅडमनी पाठीवर हात ठेवला. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "झकास झालंय." मग रायफल बॅगेत भरता भरता, साध्या आवाजात — "काका, त्या महिन्यात अजून कुणाच्या बैठका केल्या होत्या?"

"वही बघावी लागेल," म्हणालो.

२८ सप्टेंबर, रविवार

वही उघडली नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. पूजेसाठी क्लबच्या सगळ्या रायफली बाहेर मांडल्या होत्या. फुलं चढायच्या आधी वही उघडली. त्या जुलैत सपनाची धरून सात. बाकी सहा क्लबच्या, शिकणाऱ्यांना द्यायच्या. एकेकीचा पुढचा स्क्रू सैल करून बोट ठेवलं. सहाही हलतात. त्यांच्यावर शिकलेली अकरा मुलं खेळ सोडून गेली. नावं लिहून काढली, मॅडमना दिली. पहिला फोन त्यांतल्या विशालला केला. "हा खेळ तुझा नाही," असं त्याला मीच म्हणालो होतो.