डबीवरचा झेंडा

३ फेब्रुवारी
परदेशी मदत बंद. सकाळी सरांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून मोबाइलवरचा मेल वाचून दाखवला. तिकडच्या सरकारने हात आखडता घेतला, आणि इकडे टोपी बाजारातलं आमचं दोन खोल्यांचं ऑफिस अधांतरी. घरोघर फिरणाऱ्या मीनाची नोकरी गेली. माझं म्हणे "देखते हैं". एड्सच्या पेशंटांना समजावणं, धीर देणं, एवढं एकच काम मला येतं. या वयात आता नवीन काय शिकू? घरी सांगितलं तर हे चहा पिता पिता म्हणाले, "म्हणजे कल से छुट्टी?" असा राग आला ना!

७ फेब्रुवारी
टीव्हीवर बातमी झळकली, तेव्हापासून फोन थांबेना. "दीदी, अमरीका ने हमारी दवा बंद कर दी?" अरे बाबांनो, गोळ्या सरकारी आहेत! कंपू भागातल्या सरकारी सेंटरवर फुकट मिळतात, कालही मिळाल्या, आजही. परदेशी पैशावर चालायचं ते आमचं काम: घरोघर विचारपूस, बसभाडं, पौष्टिक पीठ.

पण लोकांना तरी काय बोलायचं. गोळ्यांची बाटली घरात कुणी ओळखू नये म्हणून आम्ही प्रत्येकाला साधी प्लास्टिकची डबी देतो, आणि झाकणावर देणाऱ्या देशाचा झेंडा. अटच होती त्यांची. डबीवर झेंडा, पिठाच्या पिशवीवर झेंडा, पावसाळ्यात वाटलेल्या छत्र्यांवर झेंडा. फोटोत स्टिकर दिसला नाही की फोटो परत. आता बातमीतही तोच झेंडा, हातातल्या डबीवरही तोच. घाबरणार नाहीत तर काय?

१० फेब्रुवारी
सरांना म्हटलं, एकेकाला फोन करून सांगू या, औषध आपलं नाही, परदेशाचंही नाही, सरकारचं आहे. स्टिकर खरवडून काढू. सर: "अभी रुकिए. कहीं फंड फिर चालू हो गया तो? बोलेंगे, हमारा नाम मिटा रहे थे." डोक्यात तिडीक गेली. इथे माणसं गोळ्या सोडतील, आणि यांना नाव पुसलं जाण्याची पडली आहे! मी फोन लावायला घेतले. सरांना न विचारता.

१४ फेब्रुवारी
ग. या महिन्याच्या गोळ्या न्यायला आली नाही. (नाव लिहायचं नाही. इथेही नाही.) पोटुशी आहे, सहावा सरत आला. नवरा-बायको दोघांनाही एच.आय.व्ही., दोघंही औषधावर. घरात सासू तेवढी आहे, अम्मा, आणि तिला यातलं काही ठाऊक नाही. नवरा केटरिंगवाल्यांबरोबर लग्नसराईत बाहेरगावी. ग.ने रोज न चुकता गोळी घेतली तर बाळ बहुतेक सुखरूप. चुकत राहिली तर

नाही लिहवत. फोन करायची सोय नाही, घरातला एकच फोन अम्माकडे. तिच्या घरी मीना जायची, बांगडीवाली बनून. टोपली घेऊन बसायची, चुड्या भरता भरता कानात सगळं विचारून यायची. आता मीनाच नाही.

१७ फेब्रुवारी
मीनाला शोधत फूलबागेच्या बाजारात गेले. बघते तर काय, खरोखरच बांगड्या विकत बसली आहे! तीच टोपली. हसू की रडू कळेना. म्हटलं, एकदाच जाऊन ये गं ग.कडे. "नहीं दीदी. तब पीछे ऑफिस था. अब पकड़ी गई तो पिटूँगी मैं, आप नहीं." खरंच आहे तिचं. मग निदान टोपली तरी दे म्हटलं, तर फणकारली, "पगार गई, अब टोकरी भी ले जाओगी?" गुपचूप परत आले.

२० फेब्रुवारी
गेले. स्वतःच. टोपी बाजारातून बांगड्या घेतल्या, घरच्या भाजीच्या टोपलीत मांडल्या. पोटुशी बाई म्हटल्यावर हात आपोआप हिरव्याकडेच गेला, आपल्याकडे हिरवा चुडाच भरतात ना. सगळी टोपली हिरवी! अम्मा बघतच राहिली. "कैसी मनिहारिन हो? लाल एक भी नहीं? मराठन हो का?" असं पाणी पाणी झालं. इतकी वर्षं या शहरात राहून एवढी अक्कल नसावी!

तरी बसवलं बिचारीने. अम्मा चहा टाकायला आत गेली तेव्हा ग.ने पदराखालून डबी दाखवली. "दीदी, एक दिन छोड़ के ले रही हूँ. जचकी तक चल जाएगी." म्हणजे बाळासाठी म्हणून पुरवून पुरवून खाते आहे, आणि त्याच बाळाला... मी म्हटलं, अगं वेडे, दवा सरकारी है, बंद नहीं हुई, रोज़ ले, पूरी ले. तर म्हणते, "फिर झंडा काहे लगाया?"

बोलण्याच्या नादात बांगडी फुटली, तिच्या मनगटावर रक्ताचा थेंब. तेवढ्यात अम्मा आली, पुसायला हात पुढे केला, तर ग.ने असा काही हात ओढून घेतला की अम्मा चमकलीच. किती वेळा सांगितलंय पोरीला, असं पुसल्याने कुणाला काही होत नाही. पण भीती कुठली ऐकते. मीच माझ्या रुमालाने पुसलं. निघताना अम्मा म्हणाली, "नंबर दे जाओ, लाल लाना अगली बार." दिला.

४ मार्च
ग. मंदिराचं निमित्त काढून कंपूला आली! गोळ्या घेतल्या. रक्त तपासलं, विषाणू वाढलेत. डॉक्टर तिच्यावर रागावले नाहीत, तिला म्हणाले आता एकही गोळी चुकवू नका, वेळ आहे अजून. बाहेर आल्यावर मीच रडले. ती आपली मला पाणी देते आहे.

२९ मार्च
ऑफिसचा बोर्ड उतरवला. सर म्हणाले, "जो चाहिए ले जाइए." मी नवीन कोऱ्या डब्या तेवढ्या आणल्या. घरी बसून झाकणं नखाने खरवडली, मग खोबरेल लावून पुसली. हे आले, बघितलं, काही न विचारता एक डबी हातात घेऊन खरवडायला बसले.

१८ एप्रिल
बिनपगारी काउन्सेलर! लोक फोन करतात, मी बोलते. परदेशातल्या त्या साहेबांना एकदा इथे आणून बसवायला हवं. मदत द्यायची नसेल तर नका देऊ, तुमचा पैसा. पण एका रात्रीत? कुणाला सांगायची सवड न देता? आणि आमचं तरी काय, सगळा डोलारा त्याच एका खांबावर उभा केलेला.

ग. महिनाभरात दिसली नाही. सेंटरवर विचारलं. तिथेही आली नव्हती.

९ मे
सकाळी अनोळखी नंबर. अम्मा. "बहू को दर्द उठे हैं. पास के नर्सिंग होम में लाए हैं. डॉक्टरनी पूछ रही है कौन सी दवा चल रही है. बहू मुँह नहीं खोल रही. तुम बताओ."

म्हणजे मी नुसती बांगडीवाली नाही, हे तिने केव्हाच ताडलं होतं. मी म्हटलं, डॉक्टरनी को फ़ोन दीजिए. अम्माने दिला. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, बाळाला जन्मल्याबरोबर पाजायच्या औषधाचंसुद्धा. चांगल्या निघाल्या बाई, म्हणाल्या मागवते लगेच. रिक्षा करून धावले.

मुलगी झाली. औषध वेळेवर पाजलं. शेवटच्या महिन्यात गोळ्या होत्या का, किती घेतल्या, ग. ग्लानीत, काही सांगू शकली नाही. बाळाची तपासणी दीड महिन्याने, तोवर कुणालाच काही कळणार नाही.

अम्मा बाहेर बाकावर बसली होती. मला बघून सरकली. मी बसले. डॉक्टरीणबाईंनी तिला काही सांगितलं नव्हतं, पण तिने जोडून जोडून सगळं ओळखलं असावं. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं, "मेरे लड़के को भी है?"

तोंड उघडायला मला परवानगी नाही. मुलाचं गुपित मुलाचं. तिने दोनदा विचारलं.

मुलगा संध्याकाळच्या गाडीने येतो आहे. उद्या सकाळी अम्माने मला घरी बोलावलंय, त्याच्यासमोर.