आठ औटे अठ्ठावीस

सर,

आज अकरावीच्या वर्गात जुन्या मोडेमचं गणित घेतलं. सहा हजार किलोबाइटची फाईल, लाईनचा वेग सेकंदाला अठ्ठावीस पूर्णांक आठ किलोबिट, तर पाठवायला किती वेळ लागेल? एवढ्या वेळात आम्ही अख्खा पिक्चर उतरवतो, असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. मीही हसले. मग फळ्याकडे वळून आठाने भागायला लागले आणि हात थांबला. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत हे एकच गणित मला सरळ हाताने सोडवता आलेलं नाही.

जालन्याच्या बसस्टँडमागे, पत्र्याच्या खोलीतला आपला कॉम्प्युटर क्लास. तिथे मी आधी शिकले आणि बाविसाव्या वर्षी शिकवायला लागले. मोडेमच्या खोक्यावर छप्पन छापलेलं असायचं. तुम्ही म्हणायचात, हा आकडा म्हणजे स्थळ बघायला आलेल्या मुलाने सांगितलेला पगार, आधी निम्मा करा. पाठवताना तर आपल्या लाईनवर अठ्ठावीसच्या वर काही मिळायचं नाही. शिवाय लाईनचा आकडा बिटांत आणि फाईलचा बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा आठाने भागल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. ही चूक केली म्हणून तुम्ही एकदा मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणायला लावला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले ते पाढे तुम्हाला झोपेतून उठवलं तरी यायचे. मला तिसऱ्या ओळीलाच घाम फुटला.

त्या परीक्षेच्या दिवशी एकतीस मुलांचे पेपर एकाच फाईलमध्ये बांधून पाच वाजायच्या आत मुख्य केंद्राच्या कॉम्प्युटरवर पोचवायचे होते. तोवर आपण नुसत्या गुणांच्या याद्या पाठवायचो, त्या चुटकीसरशी जायच्या. अख्खे पेपर पहिल्यांदाच जाणार होते. तीस मुलांचे चार वाजताच तयार झाले. कुंभार पिंपळगावची एक मुलगी मात्र एसटी बंद पडल्यामुळे धापा टाकत चारला पोचली. तिच्या बापाने एकच वर्ष दिलं होतं. पास झाली तर नोकरी, नाहीतर लग्न. तिला पेपर देऊ द्या म्हणून मी तुमच्या मागे लागले.

तुम्ही घड्याळ बघितलं. "पाठवायला किती टाईम लागंल, बराबर सांग."

मी कागदावर सहा हजाराला अठ्ठावीस पूर्णांक आठने भागलं आणि साडेतीन मिनिटं म्हणाले. तुम्ही कागद न मागता तिला पेपरला बसवलंत. माझ्यावर विश्वास होता तुमचा, आणि तोच मला अजून खातो.

पाचला दहा कमी असताना मी फाईल सोडली. मी खुर्चीवर बसले आहे, तुम्ही मागे उभे आहात, पंखा गरम वारा फेकतोय, आणि पडद्यावरची निळी पट्टी सरकता सरकत नाही. पाच वाजले तेव्हा ती तिसऱ्या हिश्श्याच्या जरा पुढे होती. तुम्ही वाकून हळूच विचारलंत, "आठानं भागलं होतं ना?"

मी म्हणाले, "हो सर."

तुम्ही पट्टीकडे बघत फक्त पुटपुटलात, "आठ औटे अठ्ठावीस." माझी साडेतीन मिनिटं, आठपट. मग बाहेर गेलात.

मुख्य केंद्राने फाईल घेतली नाही. एकतीस जणांची परीक्षा रद्द झाली, महिन्याभरात क्लासची मान्यताही गेली. तुम्ही कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर पावत्या फाडायला लागलात आणि तिथेच खंगलात. त्या मुलीचा बाप आला होता, आठवतं? आवाजसुद्धा चढवला नाही त्याने. "आमची पोरगी तर पेपर देऊन आल्ती सर. मंग?" मी तुमच्या शेजारीच उभी होते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "लाईन गेल्ती. कुणाची चूक न्हाई." त्याच वैशाखात तिचं लग्न झालं. पत्रिका क्लासच्या पत्त्यावर आली होती, तेव्हा दाराला कुलूप होतं.

तुम्ही आजारी असताना मी दोनदा भेटायला आले. दोन्ही वेळा कबूल करायचं ठरवून आले आणि मोसंबी ठेवून परत गेले. तुम्ही विचाराल, अशी वाट बघत बसले होते. तुम्ही चहा विचारलात. हे पत्र आता पेपरच्या गठ्ठ्यात जाईल, पाठवायचं तरी कुठे?

आज तास संपल्यावर एक मुलगी टेबलाशी आली. मॅडम, तेव्हा या वेगापायी कुणाचं खरंच काही अडायचं का, असं तिने विचारलं. अगदी खरं जाणून घ्यायचं होतं तिला. मी डस्टर उचललं आणि म्हणाले, हो, एकदा आमच्या क्लासची लाईन गेली होती.