आई, तू तेव्हा जिवंत होतीस

आई गं,

हे पत्र तुला पोचायचं नाही, मला कळतंय. तू होतीस तेव्हासुद्धा या सौदी देशातून तुझ्या पत्त्यावर कागद जात नव्हता. आता तर तू मातीत. तरी लिहितेय. उद्या दुपारी कंपनीचा माणूस माझी सही न्यायला येणार आहे. त्याच्याआधी तुझ्याशी बोलायचंय. दुसऱ्या कुणाशी बोलू?

मावशीचं पत्र परवा मिळालं. अलिबागहून निघून वीस दिवसांनी. आपलं ठरलं होतं ना, पत्रात इस्राएल लिहायचं नाही, पनवेल लिहायचं, तसंच तिने लिहिलं. "पनवेलला भोंगा झाला. मोठी तोंडाला मास्क लावून बसली, ती बसल्या जागीच गुदमरून गेली." मोठी म्हणजे तू. खाली एकच ओळ, "बाळाला जप." मी चारदा वाचलं आणि शेगडीवर जाळलं. तुझ्या मरणाची चिठ्ठी मी जाळली गं! घरात ठेवायची भीती वाटली. हे पत्रपण जाळणार आहे.

इराकवाले एक रॉकेट इकडे आमच्या खोबर शहरावर सोडतात, एक तुमच्याकडे. आपल्या दोघींच्या मध्ये एवढं वाळवंट, आणि भीती एकच. आम्हाला कंपनीने विषारी वायूसाठी एक मास्क दिलाय, मोठ्या माणसाचा. एलूला काय लावू? भोंगा वाजला की त्याच्या तोंडावर ओला टॉवेल धरते. तो गुदमरतो, लाथा मारतो. मग मीपण माझा मास्क काढून टाकते. त्याला सोडून एकटीने कसा श्वास घ्यायचा? तू असतीस तर ओरडली असतीस. ओरड ना!

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. तुला माहीत नाही ते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो तेव्हा एजंटने फॉर्मवर आम्हाला ख्रिश्चन लिहिलं होतं. म्हणाला, "यहुदी आहोत असं तोंडातून निघालं तर खलास." पहिल्याच आठवड्यात शेजारच्या जुलेखाखालाने मला चहाला बोलावलं. श्रीवर्धनची आहे ती, मुसलमान. चार-पाच बायका बसलेल्या. एकीने विचारलं, "आई कुठं असते गो तुजी?"

पनवेल म्हणायचं होतं. किती सोपं होतं! पण माझी बोबडीच वळली. पनवेलला कुठे, कुणाकडे, असं पुढे विचारलं तर? मी म्हटलं, "आई वारली."

एकीने माझं डोकं खांद्यावर घेतलं. दुसरीने घरी जाऊन शिरा करून आणला. आणि मी तो खाल्ला, आई. बदाम घातलेला होता. त्याच महिन्यात मावशीकडून तुझं पत्र आलं, गुडघे दुखतात, पण बरी आहे. मी त्या गुडघ्यांना तीन वर्षं मेलेलं म्हणत होते.

आता तू खरोखर गेलीस, आणि मला रडायलाही जागा नाही. माझं सांत्वन होऊन गेलंय. तुझ्या वाटचा शिरा खाऊन झालाय.

तरी मी आपल्या रीतीने सुतकाला बसले. गाऊनचा गळा फाडला, आरशावर चादर टाकली, जमिनीवर बसले. तिकडे तुझा लेक दाऊद तुझं कद्दिश म्हणत असेल, गेलेल्या माणसाची प्रार्थना, दहा माणसं जमवून. इथे मी आणि एलू. त्याला वाटलं मी खेळायला बसले. माझ्या मांडीवर चमचा वाजवत होता.

तेवढ्यात जुलेखाखाला दारात.

"काय गो, खाली का बसलीस? कोण गेला?"

"आई." निघूनच गेलं तोंडातून.

"आई? ती तर कवाच..." खालाने आरशाकडे बघितलं, माझ्या फाटक्या गळ्याकडे बघितलं. वाटलं, संपलं.

तिने आधी दार लावून घेतलं. "म्हंजे तवा जिवंत होती?"

मी मान हलवली.

"मला ठावं होतं. अलिबागची पोर नि कोळंबी खात नाय? तवाच वळखलं मी. आमच्या आळीत तुमची यहुद्यांची दोन घरं होती, शनवार तेल्यांची. आमच्याकडं कोळंबी शिजली की त्यांची पोरं नाक दाबून पळायची." ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मग घरी गेली आणि उकडलेली अंडी, मसुराची आमटी घेऊन आली. "तुमच्यात आज आपल्या घरचं शिजवायचं नाय ना? खा. पण आईला तू कशाला मारलंस गो?"

रागाने नाही विचारलं. पण तेव्हापासून दुसरं काही ऐकूच येत नाही मला.

तूपण जायला नको होतंस! माझं लग्न होऊन सहा महिने झाले नाहीत, दाऊद म्हणाला इस्राएलला चल आणि तू निघालीस. मी रडले तर म्हणालीस, "तुला आता नवरा आहे ना."

आहे का गं?

जुलैच्या शेवटी कंपनीने ह्यांना कुवेतला पाठवलं, जनरेटर दुरुस्त करायला. आठ दिवसांचं काम. जाताना म्हणाले, "एलू चालायला लागायच्या आत येतो, त्याचे पहिले बूट मी आणणार." पाचव्या-सहाव्या दिवशी कुवेत गेलं इराकच्या ताब्यात. एका केरळवाल्याने सांगितलं, डॅनियलला पावाच्या रांगेत बघितलं होतं. ते सप्टेंबरात. मग काहीच नाही. एलू चालायला लागला. अनवाणीच फिरतो. आता कुवेतच्या तेलाच्या विहिरी जळतायत, त्याच्या लंगोटांवर काळे ठिपके पडतात. ते धुताना वाटतं, हा धूर ह्यांच्या अंगावरून आला असेल.

मी ह्यांच्या इकाम्यावर, राहायच्या परवान्यावर आहे. ह्यांच्या सहीशिवाय कफील, म्हणजे ह्यांचा इथला मालक, माझा पासपोर्ट सोडत नाही. परवा कंपनीचा माणूस आला, हैदराबादचा. वाईट नाही तो. म्हणाला, "भाभी, लिखके दो शौहर मर गया. बेवा का एक्झिट हो जाता. हफ्ते में बंबई."

"मरा नहीं है वो."

"मालूम है भाभी. सिर्फ कागज पे."

सिर्फ कागज पे! मी तरी काय केलं होतं? फक्त तोंडाने बोलले होते.

खाला म्हणते, "सही कर गो. पोराला जगव. कागदानं कोण मरत नाय." तिचं बरोबर असेल. भोंगा झाला की मला तिचंच बरोबर वाटतं. एलूचं तोंड टॉवेलखाली निळं पडतं तेव्हा मी दहा कागदांवर सही करीन. मग भोंगा थांबतो आणि ते दिसतात, पावाच्या रांगेत. मी एकीला मेली म्हटलं, ती मेली. आता ह्यांना म्हणू? ते जिवंत असले तर? चालत इथपर्यंत आले आणि आम्हीच नसलो तर?

तू सांगायला हवं होतंस. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, असला कागद माझ्यापुढे कशाला ठेवतात?

ह्यांच्यासाठी मी एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोललेय. इथे खोबरं-गूळ मिळतं, पोहेही मिळतील शोधले तर. पण तुझ्यासारखा मोकळा होत नाही माझा, गोळा होतो. कालवायचा कसा ते विचारायचं राहिलं.

आई, तुला वचन देते. मी उद्या सही करणार नाही. एलूला टॉवेलखाली धरीन, मास्क त्याच्याच तोंडावर दाबीन, काय वाटेल ते करीन, पण जिवंत माणसाला परत मेलेला म्हणणार नाही. चुकत असले तर मला माफ कर, आणि वर कुणाचं ऐकत असतील तर एलूसाठी बोल.

आणि आरशावरची चादर काढणार नाही. त्या माणसाने विचारलं, कोण गेलं, तर सांगेन, आई वारली.

आता ते खरं आहे.

तुझी,
रूथ