फटीतून दिलेला चहा

अहो, कुकर झालाय, वाढून घ्या. मी बसस्टँडवर भावजींना गाठायला चाललेय.

दर रविवारी चर्चच्या दारात आपण दोघं अनोळखी माणसालाही ‘प्रभूचंच घर आहे, या’ म्हणतो. आज तुमचा सख्खा भाऊ आपल्या दारात आला, तर तोंडाला वास येतोय म्हणून मी साखळीही काढली नाही. चहाचा कप फटीतून दिला. त्यांनी तो जिन्यातल्या नळाखाली धुऊन पायरीवर ठेवला. दरवेळी ‘येतो वहिनी’ म्हणणारा माणूस आज ‘जातो’ म्हणाला, आणि माझ्या तोंडून ‘या’सुद्धा निघालं नाही.

दार नुसतं लोटलंय. चुकामूक होऊन ते इकडेच आले, तर आत घ्या. भांडायचंच असेल तर आत बसवून भांडा.