दारात कोणी नाही

गुरुजी, तुमच्या नातवाचा परवा वाशीमला सत्कार झाला. मानपत्र मी लिहिलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून "लिहिलं कोणी?" असं विचारणार, आणि माझी पन्नाशी उलटली तरी त्या प्रश्नाला मी अजून घाबरतो.

नातवाचं कर्तृत्व असं. तो परदेशात, एका राजधानीत, हॉटेल चालवतो. वरण-भात, भाकरी, ठेचा. चांगलं चालतं म्हणे. त्याच गल्लीत आपल्या शत्रुराष्ट्राची वकिलात आहे आणि तिथली माणसं दुपारी त्याच्याकडेच जेवायची. सीमेवर आपले जवान मारले गेले, तेव्हा त्यानं काचेवर पाटी लावली की या वकिलातीतल्या कोणालाही इथे जेवण मिळणार नाही. मग शेजारच्या किराणावाल्यानं लावली, लाँड्रीवाल्यानं लावली. एक अधिकारी पाटी वाचूनही आत आला. बायको आजारी आहे, तिला दुसरं काही पचत नाही, नुसती मऊ खिचडी बांधून द्या, म्हणाला. नातवानं त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. कोणीतरी व्हिडिओ काढला आणि तो आपल्याकडे रिसोडपासून आसेगावपर्यंत मोबाइलमोबाइलवर फिरला. राग मला कळतो, गुरुजी. ज्यांच्या अंगणात तिरंग्यातली पेटी उतरली, त्यांच्यापुढे मी तोंड उघडणार नाही. पण एका बाईची खिचडी अडवून कोणतं सैन्य माघारी फिरलं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

व्यापारी मंडळाचे अध्यक्ष घरी आले. "सर, मानपत्र तुमीच लिवा. तुमच्याशिवाय हाय कोण? अन् वरून थोडं संस्कृत टाका, कोथिंबीर टाकतात तसं." मी हसलो. नाही म्हणायची वेळ तीच होती, आणि मी शाईचं पेन शोधत होतो.

लिहायला बसलो आणि तुमचं स्वयंपाकघर समोर आलं. तुम्ही एकटे, हातानं रांधणारे. मी कॉलेजातला, तुमच्याकडे राहून संस्कृतची रूपं घोकणारा. पानं वाढली की तुम्ही मला दारात पाठवता. गाय दोहायला लागतो तेवढा वेळ तिथे उभं राहायचं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहायचं, कोणी उपाशी दिसला तर त्याला आणायचं, नाही तर आत येऊन "कोणी नाही" म्हणायचं, मगच तुमचा पहिला घास. मी एकदा विचारलं होतं, "कोणती गाय, गुरुजी? काही गाई फार वेळ लावतात." तुम्ही हसला नव्हतात. मग एके दिवशी वांग्याचं भरीत आहे, आणि थोडंच आहे. समोर कडुलिंबाखाली पिंजारी बसला आहे, सकाळपासून गल्लीतल्या गाद्यांचा कापूस पिंजून दमलेला, दाढीत कापूस अडकलेला. भाकरीचं फडकं झटकतो, त्यातून काही पडत नाही. मी त्याला पाहतो, तो मला पाहतो. मी आत येतो आणि म्हणतो, "कोणी नाही."

तेवढ्यात बाहेर तो उठला असावा, कारण त्याच्या पिंजणाची तार कशाला तरी लागून वाजली. एरवी पुस्तकासारखं बोलणारे तुम्ही रागावलात की वऱ्हाडीवर यायचात. "काहून खोटं बोलून राह्यला बे? दोन डोयांत येवढा माणूस मावला नाही तुह्या? जाय, घेऊन ये त्याले!" तो वळणापर्यंत गेला होता. मी धावत गाठला. तुम्ही त्याला ओसरीवर वाढलं, स्वयंपाकघरात नाही. तेही मी विसरलेलो नाही, तुम्हीही विसरू नका. मला मीठ-भाकरी मिळाली. नंतर तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत, त्यापेक्षा दोन छड्या परवडल्या असत्या.

हे सगळं आठवत असताना मी मानपत्रात काय लिहिलं असेल? "आजोबांच्या अतिथिधर्माचा वारसा समर्थपणे चालवणारे." सगळ्यात जास्त टाळ्या त्याच वाक्याला पडल्या. नातू माझ्या पाया पडला. "काका, आजोबा असते तर खूश झाले असते नं?" मी म्हणालो, "झाले असते की."

मंचावरच्या गाद्या आणि लोड त्या पिंजाऱ्याच्या मुलाच्या दुकानातले होते. बाप केव्हाच गेला. मुलाचं आता वाशीमला गादीघर आहे. हॉल रिकामा झाल्यावर तो सामान उचलायला आला. "सर, मानपत्र जबरदस्त लिवलं तुमी. आजोबांचं नाव निंघालं अन् मले अब्बा आठवले. मरेपर्यंत सांगत, गुरुजीच्या त्या पोरानं मले वळणावरून बोलावून जेवाले नेलं, लय पळत आलं होतं बिचारं." मी त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. असता तर बरं झालं असतं. त्यानं गादीचं एक टोक धरलं होतं, दुसरं मी धरलं, आणि आम्ही दोघांनी ती टेम्पोपर्यंत नेली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील. फक्त एवढंच कबूल करतो. ही गोष्ट पिंजाऱ्याचा मुलगा मला इतकी वर्षं सांगत आला आहे, आणि त्याआधी आत येऊन मी काय म्हणालो होतो, ते मी त्याला कधीच सांगितलेलं नाही. परवाही नाही. गादी टेम्पोत ढकलत म्हणालो, "हो, पळालो होतो खरा."