मले नागपूरले

दवनीवाडा,
३ ऑक्टोबर २०१६

प्रिय खुमेंद्रदादा,

योगेश्वरीचा नमस्कार. पुण्यात तू, रुचिवहिनी आणि खुशी सगळे बरे असाल. इकडे माय ठीक आहे. गुडघे धरतात, पण ऐकत नाही, सकाळी उठून बांधीवर चक्कर मारूनच येते. धान निसवलं आहे. तळ्याकडच्या बांधीत तुडतुडा दिसला, तर चुन्नीलालकाकांनी फवारणी करून दिली. काकांच्या म्हशीला पारडी झाली. माय रोज तिला बघायला जाते आणि तिथेच बसून राहते.

तुझा मसुदा मिळाला. कंपनीकडे तक्रार करायची म्हणून त्या दिवशी काय झालं ते लिहून पाठव, असं तू म्हणालास. फोनवर मला ते जमत नाही. माय बाजूलाच असते, आणि तूही अर्ध्यातच विचारतोस, "पण तू दाबलं काय?"

मी काही दाबलं नाही, दादा. जूनमध्ये बाबूजींच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकट यायला लागली. नवीन सिस्टीम फुकट घ्या म्हणे. खाली दोन बटणं, 'आता' किंवा 'आज रात्री'. 'नको' असं बटणच नव्हतं. तू सांगून ठेवलं होतंस की कशालाही हो म्हणायचं नाही, म्हणून मी कोपऱ्यातली फुली दाबून ती चौकट बंद करायची. फुलीचा अर्थ नको, दुसरा काय असणार? गोंदियाच्या दुकानवाल्याने नंतर सांगितलं, "दीदी, वो क्रॉस को भी हाँ समझता है." डोंगलचा डाटा काऊन संपून राहिला, हे मला कळतच नव्हतं. मागच्या मागे तो सगळं उतरवून घेत होता.

तो कॉम्प्युटर आपल्या घरात काय होता, हे त्या लोकांना नीट सांग. मसुद्यात तू 'संवादाचे साधन' लिहिलं आहेस. तेवढ्याने त्यांना काय समजणार? बाबूजींचा आवाज जायच्या आधीच्या हिवाळ्यात तू महिनाभर घरी राहिलास, अंगणात बसवून त्यांच्याकडून एकेक शब्द कॉम्प्युटरमध्ये बोलवून घेतलास. बाबूजी तेव्हा वैतागले होते. "हे काय पोरासारखं वदवून राहिला मले?" म्हणाले. पुढे त्या आजारात हातपाय गेले, जीभ गेली, फक्त पायाचा अंगठा राहिला, तेव्हा त्याच शब्दांवर घर चाललं. पडद्यावर शब्द सरकायचे, हवा तो आला की ते अंगठ्याने बटण दाबायचे, आणि खोलीतून त्यांचाच आवाज यायचा. "दुलारी, भाजीत मीठ नाही." माय चुलीजवळून मागे न बघता म्हणायची, "तर मग टाकून घ्या." दोघंही क्षणभर विसरून जायचे.

आता त्या दिवसाचं.

आदल्या दिवशी डॉक्टर येऊन गेले होते. छातीचे स्नायू दमत चालले आहेत, म्हणाले. नागपूरला नेऊन गळ्यात नळी टाकली, मशीन लावलं, तर काही महिने मिळतील. नाहीतर घरीच ठेवा, त्रास होणार नाही इतपत औषध देऊ. काय ते त्यांनाच विचारा. सकाळी माय त्यांच्या पायाशी बसली. "तुम्हीच सांगा जी," म्हणाली. "आमी तुमच्यासाठी नाही ठरवत."

बाबूजींनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. मग अंगठा हलला. "मले." थांबले. "नागपूरले."

आणि पडदा निळा झाला. मधोमध एक चकरी फिरायला लागली. खाली लिहून आलं, काम चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.

मला वाटलं, होईल दोन-पाच मिनिटांत. बाबूजी अंगठा दाबत होते. बटण टक टक वाजत होतं आणि काही होत नव्हतं. माय म्हणाली, "थांबवून टाक न त्याले." मी तुला फोन लावला, तू म्हणालास, आता मध्येच बंद केला तर सगळंच जाईल. आम्ही वाट बघत बसलो. दुपार झाली. सुरू झाला तेव्हा सगळं नवीन होतं. रंगीत चौकोन होते, हवामान दाखवत होतं. तुझा प्रोग्रॅम उघडेना, बटण ओळखेना. तोवर त्यांचा श्वास वर लागला होता. मी कानाशी जाऊन विचारलं, "बाबूजी, नेऊ का? हो असेल तर डोळे मिटा." त्यांनी डोळे मिटले. ते मिटलेलेच राहिले. तो होकार होता की ग्लानी होती, मला सांगता आलं नाही. तू फोनवर ओरडत होतास, "घेऊन चल, मी निघालो." चुन्नीलालकाकांनी गाडी काढली.

कंपनीला सांगायचं ते इथपर्यंत आहे. यापुढचं फक्त तुझ्यासाठी लिहिते.

तू पोचायच्या आधीच नळी टाकली होती. मशीनने श्वास मिळाला तशी त्यांची ग्लानी उतरली, नजर अगदी साफ झाली. मी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून नेली होती. एकेका अक्षरावर बोट ठेवायची, हवं त्यावर ते डोळे मिटायचे. फार वेळ लागला. त्यांनी त्यांचं वाक्य पुरं केलं. "नेऊ नोको."

मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, एकदा लावलेली नळी आता काढता येत नाही, कायद्यात बसत नाही. मी हात जोडले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पण उत्तर तेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू आलास. तसाच बसमधून, चुरगळलेल्या कपड्यांत. त्यांचा हात धरून विचारलंस, "बाबूजी, बरं वाटते न आता?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे, आणि डोळे मिटले. हो म्हणाले. तू रडलास. तू बाहेर गेल्यावर मी पुठ्ठा पुढे केला. "दादाले," मग "सांगू," मग "नोको."

म्हणून नाही सांगितलं. त्यानंतर जाईपर्यंत ते महिनाभर त्या नळीवर होते, आणि तू जितक्यांदा विचारलंस तितक्यांदा त्यांनी हो म्हटलं.

माझ्याच्याने हे कधी लिहिलं गेलं नसतं. पण मसुद्यात तू लिहिलं आहेस, 'रुग्णाला नागपूरला जाऊन उपचार घेण्याची इच्छा होती, यंत्र बंद पडल्यामुळे उशीर झाला.' त्याखाली माझी सही मागितली आहेस. मी ते मायला वाचून दाखवलं. तिने मसुद्याची घडी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "त्याले लिहून टाक. तुहे बाबूजी त्याच्यासाठी खोटं बोलले. पण आता कागदावर नोको."

त्यांचं बोलणं त्या लोकांनी अर्ध्यात तोडलं, ते खरं आहे आणि ते तू जरूर लिही. घरातला कॉम्प्युटर आपला होता, त्यांनी न विचारता त्यात हात घातला, हेही लिही. मी कुठेही येऊन सांगेन. पण उरलेलं वाक्य आपण आपल्या सोयीने लावलं, तर आपल्यात आणि त्यांच्यात काय फरक राहिला?

तू नेलंस ते त्यांना जगवायला नेलंस. हे त्यांना माहीत होतं, म्हणून तर त्यांनी डोळे मिटले. मायलाही माहीत आहे. तिने तुला दिवाळीला बोलावलं आहे. एकटा नको येऊस, वहिनीला आणि खुशीला घेऊन ये. यातलं काही फोनवर बोलू नकोस.

मसुदा सही न करता परत पाठवते आहे. या पत्राखाली करते.

तुझी बहीण,
योगेश्वरी