झाडाची हजेरी

प्रिय ठमे,

तुझं पत्र शेजारणीकडून वाचून घेतलं. चष्मा दुरुस्तीला टाकलाय. आणि माझं अक्षर एवढं मोठं का म्हणून हसू नकोस. पाचवीला शिकवतेस, सवय असेल.

पर्यावरण शिकवायला 'काहीतरी तयार साहित्य' पाठव म्हणतेस. तक्ते झाले, चित्रफिती झाल्या, तोंडात थर्मामीटर धरलेली रडवेली पृथ्वीही भिंतीवर लागली, आणि पोरं जांभया देतात. देणारच! पृथ्वी आजारी आहे हे त्यांना केव्हाच कळलंय. भेटायला मात्र कुणी नेलं नाही. आता तू नोकरीच सोडायला निघालीस. तुझ्या वडिलांचा, म्हणजे माझ्या भावाचा, हा जुना रोग: कणीक सैल झाली की स्वयंपाकघरच सोडायचं.

सोबत पार्सल आहे. त्यात संच नाही, एक कळकट वही आहे. आधी नाक मुरडून घे, मग उघड.

मुलांची हजेरी झाली की खिडकीबाहेरच्या झाडाची हजेरी घ्यायची, ही माझ्या वर्गाची रीत तू भोगली आहेस. एकाने उठायचं, बघायचं, वहीत एक ओळ लिहायची. सव्वीस वर्षं चाललं. 'आज तीन पोपट. हजर.' 'मुंग्या आज उलट्या दिशेने. हजर.' एका महाभागाने लिहिलं, 'झाड झोपलंय, उठवू नये.' तो पुढे भूल देणारा डॉक्टर झाला. जुने हेडसर चिडवायचे, "बाई, या झाडाला शाळा सोडल्याचा दाखला कधी देताय?" मी म्हणायची, "सर, ते अजून पास व्हायचंय."

आपल्या जुन्या शास्त्रांत ज्ञानाची साधनं सांगितली आहेत. प्रत्यक्ष म्हणजे स्वतः पाहिलेलं, अनुमान म्हणजे ताडलेलं, शब्द म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं. तुझे तक्ते हा नुसता शब्द. वहीतलं सगळं प्रत्यक्ष.

सगळं नाही. शेवटची पानं चाळ. रोज एकच ओळ, एकाच हाताची: 'नेहमीप्रमाणे. हजर.' हात ओळखलास ना? अभ्यासक्रम मागे पडलाय असं सांगून मी वही माझ्या टेबलावर घेतली. मुलं दोन दिवस फुरंगटली, मग विसरली. परवा शाळेचा माळी म्हणाला, "बाई, तुम्ही याला रोज हजर मांडता, आणि हे तर परीक्षेच्या आधीपासून वाळत आलेलं दिसतंय. वेळीच कळलं असतं तर पाणी वाढवलं असतं." त्याच्या मते आता झाड गेलं. नवे हेडसर सोमवारी तोडणारे बोलावताहेत. मी आडवी गेले, तेव्हा म्हणाले, "जिवंत असल्याचं दाखवा बाई, हात लावणार नाही." सुट्टी लागलीय. वर्गात बाकं तेवढी उरलीत.

आता वहीत लाल दोरा घातलाय ते पान काढ. तू नऊ वर्षांची होतीस. झाड असंच उघडंबोडकं होतं, आणि सगळा वर्ग 'मेलं, मेलं' म्हणत होता. तू न विचारता बाहेर पळालीस, म्हणून मी तुला बाकावर उभं केलं. आत्या असूनही, किंवा असल्यामुळेच. मग तू लिहिलंस: 'पान नाही. नखाने साल खरवडली. आत हिरवं. हजर.' ही ओळ मला पाठ आहे. तयार साहित्य मागतेस, ते तुझ्याच बोटाला आहे.

तर काल मी झाडापाशी गेले आणि तुझ्यासारखी साल खरवडली. बोटाला ओल लागल्यासारखी वाटली. पण आत हिरवं आहे की तपकिरी, ते मला दिसेना. चष्मा दुरुस्तीला नाहीये, ठमे. नजरेच्या मधोमध वर्षभर धुकं आहे. मुलांनी लिहिलेलं वाचता येईना, ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी वहीच काढून घेतली. झाडाला माझा अभिमान नडला. हे माळ्याला सांगवलं नाही, हेडसरांना तर नाहीच, तुला सांगतेय. रविवारी ये. वही आण. झाड बघ आणि एक ओळ लिही. जे दिसेल तेच लिही. माझ्यासाठी हिरवं करू नकोस. मग मला वाचून दाखव.

तुझीच,
वर्षभर गैरहजर असलेली
आत्या